रीइश्यू गिटार, अठरा महिने वापरल्यानंतर

पंधराव्या फ्रेटवर (नेकवर, म्हणजे गिटारीच्या मानेवर, बसवलेल्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) पहिली तार बेंड केली, म्हणजे सूर चढवायला बोटाने आडवी ढकलली, आणि आवाज मेला. सूर चढायला लागला, अर्ध्यावर पोचला आणि गुदमरला. मागे राहिली ती फक्त तार फ्रेटला घासल्याची खरखर. गिटार नवी कोरी होती, जुन्या मॉडेलची कंपनीने पुन्हा काढलेली आवृत्ती, म्हणजे रीइश्यू. केसमधून काढून अर्धा तासही झाला नव्हता.

मी कंपनीला फोटो आणि मापं पाठवली. तीन दिवसांनी उत्तर आलं: गिटार मूळ मॉडेलच्या मापांप्रमाणेच आहे, फ्रेटबोर्डची (ज्या लाकडी पट्टीत फ्रेट बसवतात तिची) गोलाईसुद्धा, त्यामुळे हा दोष धरता येणार नाही. त्या दिवशी मला संताप आला होता. आज हा रिव्ह्यू लिहिताना मात्र मला ते उत्तर खरं वाटतं. चांगल्या चांगल्या कंपन्या जुनी मॉडेल्स पुन्हा काढायला का कचरतात, तेही मला त्या उत्तरापासूनच कळायला लागलं.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. जुन्या मापांनी काढलेली कुठलीही गिटार घ्या, थोड्याफार फरकाने हेच अनुभव येतील, तेव्हा एकाच नावावर खापर फोडणं बरोबर नाही. मॉडेलबद्दल एवढं सांगते: साठच्या दशकाच्या सुरुवातीचं डिझाइन, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणाऱ्या, एकेका गुंडाळीच्या चुंबकी पेट्या), चार स्क्रूंनी बसवलेला नेक, नायट्रोसेल्युलोज लॅकरचं फिनिश आणि भली थोरली किंमत.

मी गिटारी दुरुस्त करते आणि वाजवतेही. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले त्या सरांकडे याच मॉडेलची १९६३ सालची मूळ गिटार होती. बेंड करायला मी तिच्यावर शिकले. तिचा नेक हातात घेतला की अंगठा आपोआप योग्य जागी जाऊन बसायचा. सरांनी ती विकली त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले होते. म्हणून रीइश्यू येतंय असं कळलं तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. मला तीच गिटार परत हवी होती.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे. केस उघडली की लॅकरचा तो गोडसर, नाकात जरा झोंबणारा वास येतो. नायट्रोचा थर पातळ असतो आणि लाकडाचे रेषे त्याखालून हलकेच जाणवतात. पॉलिएस्टरचं फिनिश असलेली गिटार हातात काचेसारखी लागते, ही तशी लागत नाही. नेकवरचा पिकअप स्वच्छ वाजतो, पण पातळ होत नाही. व्हॉल्यूम सातवर आणला की ॲम्पची धार मऊ होते, नऊवर नेला की परत चढते, म्हणजे पेडलला पाय न लावता एका बोटाने अर्धं काम होतं. ब्रिज पिकअपवर सणसणीत कॉर्ड मारली तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. आवाजाच्या बाबतीत मला पैसे वाया गेल्यासारखं एकदाही वाटलं नाही. ट्यूनर घट्ट, नट (नेकच्या टोकाची, तारा खाचांत धरणारी पट्टी) नीट कापलेला, केस भक्कम.

आता तो बेंड. फ्रेटबोर्ड आडवा छेदून पाहिला तर तो सपाट नसतो, मधे उभार असतो. या गिटारीची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची आहे, म्हणजे उभार बराच. आजच्या बहुतेक गिटारी ९.५ किंवा १२ इंचाच्या असतात, त्यांचा बोर्ड बराच सपाट लागतो. पहिली तार कडेला असते. बेंड करताना आपण ती मधल्या बाजूला, म्हणजे चढावर ढकलतो. पुढचे फ्रेट तिथे उंच असतात. तार त्यांना टेकली की सूर संपला. सतराव्या फ्रेटवर मोजून तार १.६ मिलिमीटर उंच ठेवली तर पंधराव्यावरचा बेंड हमखास मरतो. २ मिलिमीटरला निभावतं, पण मग बोटांना कष्ट पडतात. उलट खाली, पहिल्या चार फ्रेटवर बार कॉर्ड (एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायचे कॉर्ड) धरताना हीच गोलाई फार सुखाची असते, बोटाचा बाक आणि बोर्डचा बाक जुळून येतो. त्या काळच्या वादकांचं बरंचसं काम तिथेच चालायचं, तारा जाड असायच्या आणि लांबलचक बेंड फारसं कोणी करत नसे. बनवणाऱ्यांनी त्या वाजवण्यासाठी बरोबरच गिटार बनवली होती.

मग सरांच्या गिटारीवर मी तेच बेंड कसे करत होते?

हा प्रश्न मला कित्येक महिने छळत होता. शेवटी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, ती माझ्याकडे आली तेव्हाच तिचे फ्रेट बदललेले होते. आधीच्या मालकाने बोर्डही घासून सपाट केला होता. ब्रिजचा पिकअप मी स्वतः रिवाइंड केलाय. तुला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. किंवा सांगितलं असेल आणि तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नसेल. म्हणजे मी ज्या गिटारीच्या आठवणीवर ही नवी तोलत होते ती १९६३ साली कारखान्यातून तशी बाहेर पडलीच नव्हती. मूळ फ्रेट चिंचोळे आणि बुटके, जेमतेम २ मिलिमीटर रुंद. सरांच्या गिटारीवर त्याहून जाड, उंच फ्रेट होते. नेकच्या कडा अनेक हातांनी गोल केल्या होत्या. माझ्या मनातली "मूळ" गिटार तिच्या दोन मालकांनी मिळून घडवली होती, आणि कंपनीने मला दिली होती ती खरीच १९६३ ची.

कंपन्यांच्या मनात धाकधूक असते ती इथे. गिऱ्हाईक जुनं मॉडेल मागतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट गिटार असते: कुणाच्या तरी हातात पाहिलेली, रेकॉर्डवर ऐकलेली, वाजवून वाजवून मऊ झालेली. कंपनीकडे मात्र असतात जुनी मापं. आणि कित्येकदा तीही नसतात.

अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचंच पाहा. १९८१ च्या सुमारास त्यांनी जुन्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर परत काढायचं ठरवलं तेव्हा कंपनीच्या माणसांना जुन्या गिटारींच्या दुकानात जाऊन मापं घ्यावी लागली, फोटो काढावे लागले, आणि स्वतःच बनवलेल्या गिटारी पैसे मोजून विकत घ्याव्या लागल्या. त्यांतून १९८२ साली १९५७ आणि १९६२ ची स्ट्रॅट आणि १९५२ ची टेली अशी मालिका आली. पण एका वर्षाच्या सगळ्या गिटारी सारख्या कुठे असतात? नेक शेवटी हाताने घासला जायचा. सकाळी एका कारागिराने घासलेला आणि दुपारी दुसऱ्याने घासलेला, यांत फरक पडणारच. खुद्द १९६२ मध्येच फेंडरने फ्रेटबोर्डसाठी रोझवूडच्या जाड, खालून सपाट पट्टीऐवजी खालून वक्र असलेली पातळ पट्टी लावायला सुरुवात केली. मग "१९६२ ची" म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची की शेवटाची? कुठलीही निवडली तरी दुसरीची सवय असलेला माणूस म्हणणार, हे चुकलंय.

गिब्सनच्या जुन्या हमबकर पिकअपचंही (दोन गुंडाळ्या लावून घरघर मारणारे ते हमबकर) तेच. ते बनवणारे सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मिळालं. त्या काळातल्या पिकअपखाली "पेटंट अप्लाइड फॉर" अशी चिठ्ठी असायची, म्हणून आजही लोक त्यांना पीएएफ म्हणतात. गुंडाळीचे वेढे काटेकोर मोजले जात नसत, आणि वेगवेगळ्या ताकदीचे ॲल्निको चुंबक, हाताशी येतील तसे, बसवले जात. माझ्या बेंचवर आलेल्या दोन जुन्या पिकअपचा रेझिस्टन्स मीटरवर लावला तर एक सव्वासात किलोओहम, दुसरा साडेआठच्या पुढे. दोन्ही अस्सल. आता पीएएफ परत काढायचा म्हटलं तर यातला कुठला काढायचा?

जी मॉडेल्स आज पूजली जातात त्यांतली बरीच आपल्या काळात पडली होती, हे तर विसरूनच जातो आपण. गिब्सनची फ्लाइंग व्ही १९५८ साली आली. कंपनीच्या नोंदीत त्या वर्षी ८१ आणि पुढच्या वर्षी १७ गिटारी बाहेर पडल्या, आणि मॉडेल बंद. १९५८ ते १९६० ची सनबर्स्ट लेस पॉल खपत नव्हती म्हणून तो आकारच सोडून दिला. पुढे ब्लूज वाजवणाऱ्यांनी तिला डोक्यावर घेतलं आणि मागणी उसळली. १९६८ मध्ये गिब्सनने लेस पॉल परत आणली खरी, पण लोकांना हवी होती ती हमबकरवाली सनबर्स्ट आणि मिळाली पी-९० या सिंगल कॉइल पिकअपची गोल्डटॉप आणि काळी कस्टम. सत्तरच्या दशकात मेम्फिसच्या एका दुकानाने स्वतः गिब्सनला ऑर्डर देऊन १९५९ च्या वळणाच्या लेस पॉल बनवून घेतल्या. दुकानदाराला दिसत होतं ते कंपनी करायला धजत नव्हती. पूर्वी एकदा जे मॉडेल नाइलाजाने बंद करावं लागलं त्याच्यात पुन्हा पैसा घालायचा म्हणजे छाती लागते. आणि उद्या ते खपलं, तर आपल्या चालू मॉडेलपेक्षा जुनंच चांगलं होतं याची कबुली आपणच दिल्यासारखं होतं.

बरं, परत आणलेली व्ही तरी तशीच होती का? १९६७ मध्ये ती आली ती महोगनीची. मूळ होती कोरिना या फिकट लाकडाची. लाकडाचा प्रश्न आज तर फारच अवघड झालाय. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळजवळ बंद. २०१७ मध्ये रोझवूडच्या अख्ख्या कुळावर परवान्याची अट आली. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली २०१९ च्या अखेरीस, पण ब्राझिलियनला ती नाही. जुन्या गिटारीवर ब्राझिलियन बोर्ड असेल तर रीइश्यूवर दुसरं काहीतरी लावावं लागणार, आणि ते लावलं की पहिला आक्षेप तिथेच येणार. माझ्या गिटारीवर इंडियन रोझवूड आहे. डोळे मिटून मला फरक कळत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

कारखानेही राहिलेले नाहीत. गिब्सनने १९८४ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझूचा कारखाना बंद केला. तिथल्याच काही कामगारांनी पुढच्या वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज नावाने स्वतःचं काम सुरू केलं. म्हणजे नाव एकीकडे गेलं आणि हात दुसरीकडे राहिले. नावाचीही निराळीच गुंतागुंत असते. ग्रेच कंपनी १९८९ मध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा त्यांची ६१२० ही गिटार परत आली, पण जिच्यावर पूर्वी ज्यांचं नाव असायचं ते वादक चेट ॲटकिन्स तोवर गिब्सनशी जोडले गेले होते. म्हणून त्यांच्या नावाची ती गिटार "नॅशव्हिल" या नावाने विकावी लागली.

पण लाकूड, यंत्रं, नावं ही सगळी बाहेरची कारणं झाली. अठरा महिन्यांत मला टोचलं ते वेगळंच आहे: जुन्या डिझाइनमधले दोष.

माझ्या गिटारीचा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली धातूची सळई) बॉडीच्या बाजूने, नेकच्या बुडातून फिरवायचा असतो. हवा दमट झाली की नेक पुढे वाकतो, कोरडी झाली की मागे जातो, आणि वर्षातून दोनदा तरी तो सरळ करावा लागतो. नव्या गिटारीत हेडस्टॉकपाशी की घालून दोन मिनिटांत होणारं काम. इथे तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक उचला, रॉड अष्टमांश फिरवा, नेक बसवा, स्क्रू आवळा, तारा चढवा, ट्यून करा आणि मग बघा. कमी पडलं? परत तारा सैल करा. मागच्या खेपेला मला हे तीनदा करावं लागलं, तास गेला. आणि दर वेळी स्क्रू आत जाताना लाकडाच्या भोकाची थोडी झीज होते. स्क्रू आधी उलटा फिरवून जुना आटा सापडला की टक् असा बारीक आवाज येतो, तेव्हाच आवळायला घ्यायचा. जी माणसं हे काम स्वतः करत नाहीत त्यांना दर वेळी दुकानात जावं लागणार.

कंपनीने हे सुधारायला काय हरकत होती? हेडस्टॉकला भोक पाडलं की ती "मूळप्रमाणे" राहत नाही. जुन्या गिटारींचे जाणकार पहिल्या फोटोतच ते पकडतात. न पाडावं तर माझ्यासारखी वापरणारी माणसं कुरकुरतात. फेंडरने १९५४ पासून स्ट्रॅटवर तीन जागांचा स्विच दिला. वादक तो मधल्या जागांवर अडकवून दोन-दोन पिकअप एकदम वाजवायला लागले, आणि १९७७ मध्ये पाच जागांचा स्विच आला. मग जुन्या स्ट्रॅटच्या रीइश्यूवर कुठला लावायचा? त्यांनी तीनचा बसवला आणि पाचचा केसमध्ये वेगळा दिला. मला हा तोडगा अतिशय प्रामाणिक वाटतो. माझ्या गिटारीच्या कंपनीने असं काहीतरी करायला हवं होतं. सपाट बोर्डचा दुसरा पर्याय तरी यादीत ठेवायचा.

आणि एकदा हुबेहूबच्या मागे लागलं की ते संपत नाही. गिब्सनने १९९३ मध्ये हिस्टॉरिक मालिका सुरू केली. तेव्हापासून दर काही वर्षांनी ती आणखी मूळच्या जवळ जाते. २०१३ मध्ये ट्रस रॉडवरचं प्लास्टिकचं आवरण काढलं आणि नेक जोडायला जुन्यासारखा सरस आला. नेकच्या आतलं ते आवरण गिटार कापल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. पण ते काढल्याची घोषणा झाली की आदल्या वर्षी घेणाऱ्याला आपली गिटार उणी वाटायला लागते. मी अशा दोघांच्या गिटारी सेटअप केल्या आहेत, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून दिली आहे. वाजायला दोन्ही उत्तम होत्या, पण एकाच्या मालकाने त्यानंतर आपली विकून टाकली.

फेंडरचे संस्थापक लिओ फेंडर यांनी १९६५ मध्ये कंपनी विकली. पुढे जी अँड एल ही दुसरी कंपनी काढल्यावर त्यांनी आपल्या जुन्या गिटारी जशाच्या तशा पुन्हा बनवल्या नाहीत. तिथे त्यांनी नवे पिकअप केले, ब्रिज बदलले, अखेरपर्यंत सुधारणाच करत राहिले. ज्या माणसाने ते मूळ डिझाइन केलं त्यालाच ते तसंच ठेवावंसं वाटलं नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

लॅकरबद्दल एक सावधगिरीची सूचना. सुरुवातीच्या दिवसांत मी ही गिटार साध्या रबरी दांड्यांच्या स्टँडवर दोन रात्री ठेवली. तिसऱ्या दिवशी उचलली तर नेकच्या मागे रबराचा आकार उमटलेला, लॅकर मऊ होऊन चिकट झालेलं. काही रबरांतली रसायनं नायट्रोला खातात. तो डाग मी घासून बराच कमी केला, पण अंगठा तिथून सरकताना अजून कळतो. नायट्रोची कुठलीही गिटार स्टँडवर सुती कापड गुंडाळूनच ठेवा. हे लॅकर वाळायला वेळ घेतं, बरेच हात मारावे लागतात आणि त्यातल्या सॉल्व्हंटच्या वाफांवर नियम कडक आहेत, त्यामुळे कंपन्यांना ते नकोसं का होतं तेही समजण्यासारखं आहे.

आणखी एक: दोन्ही पिकअप एकाच दिशेने गुंडाळलेले आहेत, म्हणून स्विच मधल्या जागेवर ठेवून दोन्ही एकदम वाजवले तरी घरघर जात नाही. स्टुडिओत मला तोंड फिरवून, एका विशिष्ट कोनात बसून वाजवावं लागलं.

घ्यावी का? मुख्यतः कॉर्ड आणि खालच्या फ्रेटवरचं काम वाजवत असाल, सेटअप स्वतः करता येत असेल किंवा करणारं हक्काचं कोणी असेल, तर डोळे झाकून घ्या. असा आवाज मला नव्या मॉडेलांत सापडला नाही. एकच गिटार घ्यायची आहे, बेंडवर भर आहे, प्रवास खूप आहे, असं असेल तर याच कंपनीचं चालू मॉडेल घ्या. आणि जुन्या एखाद्या गिटारीची आठवण मनात धरून घेत असाल तर आधी त्या गिटारीचे फ्रेट कधी बदलले होते ते विचारा. मी ते अठरा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं.

गेल्या महिन्यात मी निर्णय घेतला. बाराव्या फ्रेटपासून शेवटपर्यंतच्या फ्रेटांवर शाई फासली, लांब सरळ बीम घेतला आणि प्रत्येक तारेच्या रेषेत फ्रेट हळूहळू उतरवत नेले, म्हणजे वर जाताना गोलाई सपाट होत जाईल. मधल्या भागाची शाई आधी गेली, कडेची राहिली. किती द्यायचं आणि कुठे थांबायचं हे बोटांनीच ठरवलं. मग प्रत्येक फ्रेटचा माथा पुन्हा गोल केला, पॉलिश केला, तारा चढवल्या. सतराव्यावर १.६ मिलिमीटर. पंधराव्या फ्रेटवर पहिली तार पूर्ण सूर वर नेली आणि तशीच धरून ठेवली. सूर शेवटपर्यंत टिकला.

गिटार आता कागदोपत्री १९६३ ची राहिली नाही. पुढच्या आठवड्यात सर येणार आहेत, त्यांच्या हातात द्यायची आहे.